जीप, स्पिती आणि चंद्रभागा

मराठी मध्यमवर्गीय माणसाचे जीपशी नाते जुने असले, तरी ते बहुधा रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहण्याचे. गावात कलेक्टरसाहेब आले की जीप यायची, निवडणूक आली की कर्णा बांधलेली जीप यायची, आणि मलेरियाची फवारणी करणारी मंडळी यायची तीही जीपमधूनच. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी तयार होऊ लागलेले हे वाहन स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतले, आणि पुढची कित्येक वर्षे सरकार जिथे जिथे पोचले तिथे बहुधा जीपमध्ये बसूनच पोचले. आता चित्र पालटले आहे. आमच्या सोसायटीच्या आवारातच जीपच्या वंशातल्या तीन गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या दोघींना चिखल म्हणजे काय हे गाडी धुणाऱ्या पोऱ्याच्या बादलीवरूनच ठाऊक असावे!

या गाड्यांत गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी आणखी एक छोटी दांडी असते. तिच्यामुळे इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांऐवजी चारही चाकांना मिळते. लोक तिला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात आणि ती आहे म्हणून आपण कुठेही जाऊ शकतो असे मानतात. (नुसते रूप पाहून गाडी घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की २०२३ पासून थारही दोनच चाकांच्या ओढीची मिळते. दुकानात विचारून घ्यावे.) पण ती दांडी केव्हा ओढावी आणि केव्हा तिला हातसुद्धा लावू नये, हे शिकायला मला पाटबंधारे खात्यातली सहा वर्षे आणि एक वडीलधारा ड्रायव्हर लागला.

१९८३ साली मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. खात्याच्या जुन्या जीपला तीन दांड्या होत्या: एक नेहमीच्या गिअरची, एक पुढच्या चाकांना जुंपणारी आणि एक गती निम्म्याहून कमी करून जोर वाढवणारी. ड्रायव्हरला सगळे नाना म्हणत. नाना मला 'साहेब' म्हणत, पण शिकवताना साहेबाची भीडभाड ठेवत नसत. त्यांचा पहिला धडा स्टिअरिंगवरचे अंगठे हा होता. "अंगठा आत नको साहेब, बाहेर. चाक धोंड्यावर आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि आरा अंगठा मोडून जातो." दुसरा धडा पावसाळ्यात मिळाला. लाल मातीच्या चिखलात जीप रुतली की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागच्या जागी फिरते आणि स्वतःची विहीर खणते. नाना इंजिन जवळजवळ मंद ठेवत, हलका गिअर सोडून दुसरा टाकत आणि चाकाला इतक्या हळू वळू देत, की त्याला चिखलात पकड शोधायला वेळ मिळावा. जमले नाही तर खाली उतरून फावडे घेत. फावड्याची लाज वाटणाऱ्याने जीप चालवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सारे ज्ञान गेली कित्येक वर्षे माझ्यापाशी निवृत्तिवेतनासारखे पडून होते. ते बाहेर काढायचा प्रसंग आणला आमच्या आक्काने.

आक्का माझी थोरली बहीण, वय ६८. आषाढीची वारी तिने पंधरा वर्षे केली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा थांबली. तिच्या वाचनात कुठेसे आले, की हिमालयात एक खरी चंद्रभागा आहे. आपली पंढरपूरची नदी म्हणजे भीमाच. तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा झाली. हिमाचलात मात्र चंद्रा आणि भागा या दोन वेगळ्या नद्या आहेत. लाहौल खोऱ्यात तांदी येथे त्या एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे नदी चंद्रभागा होते. हीच काश्मीरकडे गेल्यावर चिनाब. चंद्रा ही चंद्राची कन्या आणि भागा हा सूर्याचा पुत्र, अशी तिकडे कथा सांगतात. आक्काने एकच वाक्य उच्चारले: "एकदा ते पाणी डोळ्यांनी बघायचंय रे."

तिचा मुलगा चंडीगढला नोकरीला. त्याच्यापाशी थार आहे, आणि तीही चार चाकांच्या ओढीची. तो म्हणाला, "मामा, मनालीहून अटल बोगद्यातून गेलं की एका दिवसात तांदी!" हे खरेच आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा रोहतांग खिंडीच्या पोटातून थेट लाहौलात उतरवतो. पण एवढ्या दूर जायचे तर स्पिती पाहूनच यायचे आणि चंद्रा नदीच्या काठाकाठाने तांदीला पोचायचे, असा आक्काचा हट्ट. वारकऱ्याला आडवाटेने एकदम देवळात जाणे पटत नाही.

मग मी एक गोष्ट निक्षून सांगितली. जायचे तर शिमल्याकडून चढत जायचे, मनालीकडून नाही. मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि कुंझुमची खिंड ४,५०० मीटरच्या वर. एका दिवसात एवढे चढले की डोके दुखते, उलट्या होतात आणि मामला याहून गंभीरही होऊ शकतो. शिमल्याकडून मात्र नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करीत शरीर हळूहळू वर चढते. डॉक्टरांनी आक्काला तपासून संमती दिली, गोळ्या लिहून दिल्या, आणि २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही चौघे निघालो: पुढे मी आणि आक्का, मागे भाचा आणि आमच्या सौभाग्यवती. सौ.च्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. तो डबा थेट काझ्यापर्यंत कुणाच्या हाती सोडला गेला नाही.

शिमल्याच्या पुढचा डांबरी रस्ता उत्तम. भाच्याने सुरुवातीलाच छोटी दांडी पुढे ढकलायला हात घातला आणि मी तो धरला. कारण सांगतो. वळणावर पुढची चाके मोठे वर्तुळ काढतात आणि मागची लहान. म्हणजे पुढच्यांना अधिक अंतर तोडायचे असते. त्या दांडीने पुढचे आणि मागचे आस एकत्र जखडले, की दोघांना सारखेच फिरावे लागते. खडीवर किंवा चिखलात एखादे चाक किंचित घसरते आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग सारा ताण गिअरांच्या दात्यांवर येतो, स्टिअरिंग जड होते आणि यंत्र कुरकुरू लागते. सगळ्याच गाड्यांत अशी जखडण नसते, काहींत मधे वेगळी सोय असते. पण या जातीच्या गाडीला कोरडा डांबरी रस्ता म्हणजे दोनच चाकांची ओढ.

रामपूर मागे पडल्यावर रस्ता सतलजच्या कड्यात शिरतो. कित्येक ठिकाणी डोंगर अर्धा कोरून रस्ता केलेला, वर खडकाचे छप्पर आणि डाव्या-उजव्या हाताला खोल नदी. इथे समोरून ट्रक आला की कुणी मागे जायचे? नियम असा आहे, की अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणे कठीण, हे त्यामागचे साधे कारण. किन्नौरी ट्रकवाले हा नियम इतक्या सहजतेने पाळतात, की आमच्या मुंबई-पुण्याच्या वाहनचालकांची एखादी सहल तिकडे सरकारी खर्चाने न्यावी. वाट देतानाही दरीकडच्या काठावर फार सरकू नये. वरून घट्ट दिसणारी ती कड पावसाने आतून पोखरलेली असू शकते.

खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून झाडे संपतात. नाकोच्या पुढे मलिंग नाल्याचा बदनाम टापू आहे. तिथे डोंगर सतत ढासळत असतो. आम्ही तो सकाळीच ओलांडला. दुपारी या खोऱ्यात वारा सुटतो आणि वरचे सुटे दगड खाली यायला लागतात. अशा ठिकाणी फोटोसाठी थांबू नये. एकाने वर नजर ठेवावी, चालवणाऱ्याने समोर. वर पाहण्याचे काम सौ.नी घेतले होते. वर नजर ठेवून त्या हातानेच डब्यातला चिवडा चाचपीत होत्या.

ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीचे साधे ढेकूळ वाटावे, आणि आत गेलो तर काळोखात भिंतीभर रंग! आक्का पायरीवर बराच वेळ बसून राहिली. तिथल्या एका वृद्धेने काही न विचारता तिला आपल्याजवळचा गरम चहा दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती; अर्धा तास गप्पा चालल्या होत्या.

काझा हे स्पितीतले मोठे गाव. तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. की, किब्बर पाहिले. हिक्किमच्या ४,४०० मीटर उंचीवरच्या पोस्टातून नातवंडांना पत्रे टाकली. काझ्याला तीन कामे न विसरता करावीत. पहिले, टाकी काठोकाठ भरावी. पुढे मनालीकडे किंवा तांदीकडे जाईपर्यंत दुसरा पंप नाही. दुसरे, सकाळी टायर थंड असताना हवा मोजावी. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून टायर जास्त फुगतो. थंडीने थोडा आकसतो. या दोहोंचा मेळ अंदाजाने लागत नाही. धोंड्यांच्या रस्त्यासाठी मी हवा थोडी उतरवली, म्हणजे टायर दगडाला किंचित कवेत घेतो आणि गाडी कमी उडते. पण फार उतरवली तर टायरची बगल फाटते. डांबर लागले की पुन्हा भरायची, म्हणून लहान पंप जवळ हवा. तिसरे काम म्हणजे पुढच्या रस्त्याची चौकशी तिकडून आज आलेल्या माणसाकडे करणे. कालची बातमी त्या रस्त्यावर शिळी असते.

कुंझुमला आम्ही पहाटे निघून पोचलो. रस्त्यावरून पाझरणारे पाणी काही ठिकाणी गोठले होते. काचेसारखा पातळ थर, डांबरासारखाच काळा. इथे मी भाच्याला जे सांगितले ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. चार चाकांची ओढ गाडीला हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. म्हणजे बर्फावर निघताना ही गाडी इतरांहून शहाणी, आणि थांबताना त्यांच्याइतकीच वेडी. फरक एवढाच, की सहज निघता आल्यामुळे चालवणाऱ्याचा विश्वास वाढलेला असतो. अशा जागी ब्रेक न मारता आधीच हलक्या गिअरात यावे, क्लचवरून पाय काढावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. खिंडीत कुंझुमदेवीचे ठाणे आहे; येणारी-जाणारी वाहने तिला प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घातली. आक्काने हात जोडले आणि ती पुटपुटली ते मला ऐकू आले: "परत नीट ने ग बाई."

कुंझुमचा पलीकडचा उतार वळणावळणांचा. तिथे मी छोटी दांडी शेवटच्या घरात टाकली. गाडी पूर्ण थांबवूनच ती टाकायची असते. मग ओढ जवळपास अडीचपट होते, गती माणसाच्या चालीवर येते आणि उतारावर ब्रेकला जवळजवळ काम उरत नाही. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. तळाशी बातल. तिथे प्रथम चंद्रा दिसली: राखी रंगाची, फुगलेली, घाईत असलेली. आक्काने काच खाली केली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बातल ते छत्रू ही बत्तीसेक किलोमीटरची वाट. काही ठिकाणी रुंदीकरण चालले होते, बाकी सारे नदीच्या पात्रातल्यासारखे गोटे. इथे चाक कोणत्या दगडावर चढवायचे हे आधी ठरवावे लागते. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधे घेऊ नये. गाडीचे पोट त्यावर बसते. त्यापेक्षा चाक त्यावर चढवावे, म्हणजे पोट उचलले जाते. एक चाक खड्ड्यात आणि समोरच्या कोपऱ्यातले अधांतरी झाले, तर चार चाकांच्या ओढीचाही उपयोग होत नाही, कारण डिफरन्शिअल नावाची व्यवस्था जोर रिकाम्या फिरणाऱ्या चाकालाच देत बसते. आमच्या कचेरीत बढत्या याच न्यायाने होत असत.

बातलला जेवणात आणि आक्काच्या विश्रांतीत बराच वेळ गेला होता. दुपारी तीनच्या सुमारास एक नाला आडवा आला. हिमनद्यांचे नाले घड्याळाप्रमाणे वागतात: पहाटे बर्फ वितळत नाही, पाणी कमी; ऊन चढले की पाणी चढते आणि दुपारनंतर नाल्याला जोर येतो. समोरून एक टँकर पार झाला. त्याच्या चाकाचा निम्मा भाग पाण्यात गेला आणि मधोमध त्याचे मागचे टोक जरासे सरकले. भाचा म्हणाला, "मामा, टँकर आला म्हणजे आपणही जाऊ. आपली फोर-व्हील आहे. छत्रूला संध्याकाळी, उद्या तांदी, परवा मला ऑफिसात हजर व्हायचंय."

टँकरचे वजन किती आणि आमचे किती! वेगवान पाणी गुडघाभर असले तरी गाडीला अर्धवट उचलते. मग चाकांना कितीही ओढ असो, ती धरणार कशाला? मी खाली उतरून काठावर उभा राहिलो. पाण्याच्या खळखळाटाखाली आणखी एक आवाज येत होता, खोल आणि जड. पाण्याखालून धोंडे घरंगळत होते. म्हणजे घटकाभरापूर्वी पाहिलेला तळ आता तोच राहिलेला नाही. अशा पाण्यात माणसाने पाय टाकून खोली पाहणेही धोक्याचे.

टँकरचा चालक स्पितीकडचाच होता. तो खाली उतरून म्हणाला, "साहब, सुबह आना। सुबह ये बच्चा है।"

भाच्याचा चेहरा पडला. तो वाईट मुलगा नाही. सुट्टीचे दिवस मोजून आलेला नोकरदार आहे. तो म्हणाला, "पण मग तांदीला थांबता येणार नाही. बोगद्यातून थेट मनाली गाठावी लागेल. आईचं राहील."

हे खरे होते, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. गाडीत बसलेली आक्का म्हणाली, "अरे, पंढरपूरला चंद्रभागेला पूर आला की नावाडी नाव सोडत नाही. वारकरी काय त्याच्याशी भांडतात का? अलीकडच्या काठावरून कळसाला हात जोडतात. राहिलं तर राहिलं. ही नदीसुद्धा तीच आहे की."

आम्ही मागे फिरलो आणि बातलला तंबूत रात्र काढली. रात्रभर वारा तंबूला धोपटत होता. सौ.नी डबा शेवटी उघडला आणि टँकरवाल्यासकट सहा माणसांत चिवडा वाटला. आक्काला झोप लागली. मला लागली नाही. तिचा श्वास संथ चालला आहे ना, हे ऐकत मी पडून होतो.

पहाटे साडेसहाला नाल्यावर आलो तर पाणी निम्मे झाले होते आणि काल दडलेले धोंडे वर आले होते. पाणी जिथे रुंद पसरून खळखळते तिथे उथळ असते. जिथे गुळगुळीत आणि काळे दिसते तिथे खोल. रुंद जागा निवडली. पलीकडे कुठे चढायचे ते आधी ठरवले. सगळ्यांच्या काचा खाली. दांडी शेवटच्या घरात, गिअर पहिला, आणि एकदा पाण्यात शिरल्यावर गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचे नाही, घाईही करायची नाही. वेगाने शिरले की पाणी बॉनेटवर उडते आणि इंजिनाच्या नाकातोंडात जाते. माणसाच्या चालीने गेलो की पाणी पुढे लाटेसारखे सरकत राहते. एक चाक धोंड्यावरून घसरले, गाडी डावीकडे कलली. माझे अंगठे नानांच्या सांगण्याप्रमाणे बाहेर होते. दहा-बारा सेकंदांत पलीकडे. मग थोडे अंतर ब्रेक हलके दाबत गेलो, म्हणजे ते तापून कोरडे होतात. पुढचे दोन नाले भाच्याने चालवले. त्याने चांगले चालवले. दुसऱ्या नाल्यापाशी तर मी न सांगता खाली उतरून पाणी पाहून आला.

छत्रू, ग्रामफू, कोकसर. डांबर लागले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. दांडी मागे घेतली, टायरांत हवा भरली. बोगद्याचे तोंड डाव्या हाताला होते आणि भाचा स्टिअरिंगवर होता. तो म्हणाला, "रात्रभर चालवीन मी, मामा. तुम्ही मधे दोन तास घ्या." आणि गाडी बोगद्याकडे न वळवता सरळ तांदीकडे नेली.

संगमावर गर्दी नव्हती. लाहौलचे लोक आपल्या माणसांच्या अस्थी इथे सोडतात. कुणीतरी नुकतेच येऊन गेल्याची फुले काठावर होती. डावीकडून राखी चंद्रा, समोरून भागा, आणि बरेच अंतर दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चाललेले. पायऱ्यांवरून आक्काला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने भाच्याने धरून नेले. तिने पाण्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"केवढं गार रे!" ती म्हणाली. मग पुन्हा घातला.

बरोबर आणलेला पंढरपूरचा छोटा तांब्या तिने भरून घेतला. त्याला झाकण नव्हते. तेव्हा सौ.नी चिवड्याचा रिकामा डबा पुढे केला, तांब्या त्यात उभा बसला. परतीच्या वाटेवर नऊ किलोमीटरच्या बोगद्यात दिव्यांची रांग मागे सरकत असताना आक्का दोन्ही हातांनी तो डबा धरून बसली होती. भाचा ताशी चाळीसच्या वर गेला नाही.